स्टेशनाजवळचा ओटा

बापूस गेल्याच्या महिन्याची मिस्सा आटोपून माणसं देवळातून घराच्या अंगणात आली, तेव्हा बर्नडेटने रेजिनाला खुर्ची दिली.

घरात खुर्ची एकच. ती पाद्र्यांसाठी निघायची, चुकून फौजदार आला तर त्याच्यासाठी निघायची, एरवी भिंतीला टेकलेली असायची. ज्या घराच्या जमिनीवर रेजिना रांगली, त्याच घरात भावजय तिला खुर्चीवर बसवत होती, तेही सगळ्यांदेखत, पदराने पुसून.

"बसा बाय. दमला असाल. येवढ्या लांबनं आलात."

आजवर बर्नडेट तिला 'बस गो बाय' म्हणायची. हे 'बसा' नवीन होतं.

"मी काय पाव्हणी हाय?" रेजिना म्हणाली आणि जमिनीवर, धाकट्या बहिणीशेजारी, कार्मिनशेजारी, मांडी घालून बसली. खुर्ची मध्येच रिकामी राहिली. शेवटी गाबूने, म्हणजे त्यांच्या भावाने, तुळशीकाकांना हाताला धरून तिच्यावर बसवलं. तुळशीराम काका भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातले. त्यांचा देव वेगळा, पण बापूस पास्कूबरोबर उभा जन्म त्यांनी एका होडीत काढला होता. सकाळी मिस्सा चालू असताना ते देवळाबाहेर क्रुसाजवळ टोपी हातात घेऊन उभे होते.

जेवण वाढलं गेलं. हातावरच्या भाकऱ्या, वालाचं कालवण, सुक्या बोंबलाची चटणी. रेजिनाने चटणीचा पहिला घास घेतला आणि तिचा हात थांबला. ही चटणी आयची होती. तीच चिंच, तसाच भाजलेल्या मिरचीचा वास. आय गेली तेव्हा रेजिना लग्न होऊन मिठागरावरच्या मुकादमाच्या घरी नांदत होती. आयने चटणी शिकवली ती घरात असलेल्या सुनेला.

बर्नडेट वाढत फिरत होती. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. चालताना तो वाजत होता आणि रेजिनाला त्या आवाजावरून कळत होतं की ती आता माजघरात आहे, आता मागच्या पडवीत, आता बापसाच्या खोलीपाशी. त्या खोलीला महिनाभर कुलूप होतं. रेजिना आल्या आल्या तिकडे वळली होती, तर बर्नडेट म्हणाली होती, "आत काय न्हाय बाय, खाट पण मोडली." बापसाच्या खोलीत काही नाही, हे तिने सांगायचं आणि रेजिनाने ऐकायचं.

खाट मोडली ती त्या दिवशी. बापसाच्या छातीत कळ आली, तेव्हा चौक गावातल्या चार जणांनी त्याला खाटेवर घातलं आणि भाईंदर स्टेशनाची वाट धरली. डोंगरी, मोर्वा, राई, एकेक गाव मागे टाकत. पावसाने वाट धुऊन नेलेली, गुडघाभर चिखल, खांदे बदलत बदलत चाललेले. पुढे धावत आलेल्या पोराने रेजिनाला निरोप दिला होता. ती फलाटावर कांबळं पसरून, स्टेशनमास्तराला सांगून, गाडी थांबवायची विनवणी करून उभी होती. तिच्या दारापासून गाडी हाकेच्या अंतरावर. गाडीने मुंबई, मुंबईला इस्पितळ. सगळं तिच्याकडे होतं. बापूस तेवढा आला नाही. मुर्ध्याच्या बांधावर त्याने मान टाकली. त्या वेळी त्याचा हात बर्नडेटच्या हातात होता.

महिनाभर रेजिना लोकांना सांगत होती की मला बापूस दिसला नाही. पण तिला आतून जे टोचत होतं ते वेगळं होतं. बर्नडेटला दिसला.

"बाय," गाबूने भाकरी मोडता मोडता विषय काढला. "मोजणीवाले येऊन गेले. कळलं ना?"

"माझ्या दारातच आले होते. न कळायला काय झालं?"

"भाईंदर ते चौक. मोटारीची सडक. लढाई संपली, आता सरकारला येळ हाय. सगळे गाव कबूल झाले. मोर्वेवाले, राईवाले, सगळे." त्याने घास गिळला. "एक तुझा ओटा राहिला."

ओटा म्हणजे खरं तर आता ओटा नव्हता. पास्कूने तरुणपणी स्टेशनाजवळ जागा घेऊन दगडी चौथरा बांधला होता, वर झावळांचं छप्पर. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन उत्तनकडच्या बायका पहाटेच्या गाडीला येत, त्यांनी पाटी उतरवावी, पाठ टेकावी, एवढाच हेतू. वाटण्या झाल्या तेव्हा हा ओटा कोणालाच नको होता. चौकाला घर होतं, गोड्या पाण्याची विहीर, मासळी वाळवायची जागा. मुर्ध्याला भातखाचर होतं. ओट्याचं काय करायचं? त्यावर तर झोपही लागत नाही, गाड्यांची शिटी कानात.

पास्कूने घराच्या वाटण्या मासळीसारख्या घातल्या होत्या. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे वाळूवर मांडायचे, एकाने समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, 'ह्यो कोणाचा?' पाठमोरा नाव घेईल त्याचा तो वाटा. तसंच पास्कूने अंगणात तीन वस्तू मांडल्या. घराची किल्ली, भाताची लोंबी आणि ओट्यावरचा एक दगड. पाठ केली होती तुळशीकाकांनी. दगड रेजिनाला आला तेव्हा सगळे हसले होते, ती स्वतःसुद्धा.

मग लढाई आली. जपानी येणार, बाँब पडणार, म्हणून मुंबई रिकामी व्हायला लागली, आणि ज्याला रोज कचेरी गाठायची होती त्याला गाडीजवळचं छप्पर हवं होतं, कसलंही. रेजिना नुकतीच विधवा झाली होती. तिने ओट्यावर कुडाच्या भिंती घातल्या आणि एक कारकून कुटुंब ठेवलं. मग दुसरी खोली. मग विटा. लढाई संपली तरी माणसं परत गेली नाहीत. मुंबईत भाड्यांना कायद्याने लगाम घातल्यापासून तिथे पागडीशिवाय रिकामी खोली मिळेना. चौकाच्या घरात पाच माणसं ऐसपैस झोपतील एवढा मोठा पुढचा सोपा, समुद्राचा वारा, गोडं पाणी, आणि तिथे फुकट राहायलाही कोणी येत नव्हतं. रेजिनाच्या कोंदट खोल्यांसाठी मात्र लोक वशिले आणत होते.

"सडक आली तर ओट्याचा कोपरा जाणार," रेजिना म्हणाली. "कोपरा कसला, अर्धा ओटा. मोटारीला वळायला जागा लागते म्हणे."

"सरकार भरपाई देते."

"जुन्या भावाने. दगडाच्या चौथऱ्याच्या भावाने. घाई काय हाय? सरकारी भाव कोण घेतो?"

"अगो, पण सडक आली तर इकडं बंगले होतील," कार्मिन मध्येच बोलली. ती मुर्ध्याला दिली होती, खाचर तिच्या वाट्याला आलं होतं आणि सडक त्याच्या बांधावरून जाणार होती. सकाळपासून ती गाबूच्या बाजूला होती. "आमच्याकडे एक शेठ येऊन बघून पण गेला. चौकाला तर समुद्र हाय. मुंबईची माणसं समुद्रासाठी येडी होतात."

"तुझं बरं हाय," रेजिना म्हणाली. "तुझा बांध शाबूत राहून सडक मिळते. माझं छप्पर जाऊन तुम्हाला मिळते."

हे तिने उघड बोलून दाखवलं ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तिने रात्रीच्या गाड्यांच्या आवाजात पडल्या पडल्या पुष्कळदा स्वतःशी मांडून पाहिलं होतं. ओट्याला भाव होता तो ओट्यामुळे नव्हता. बाकी सगळं लांब होतं, म्हणून होता. ही माणसं चिखल तुडवत होती म्हणून ती सुखात होती. उद्या चौकावरून मोटार सुटली की तिच्या अंधाऱ्या खोल्या कोण घेणार? गाबूचं घर जवळ येणार होतं. त्याच्याकडे समुद्र, विहीर, बापसाची खोली, आयची चटणी हे सगळं आधीच होतं. आता जवळपणही त्यालाच मिळायचं होतं. तिच्याकडे तेवढी एकच चीज होती.

"बाय, एक सांगू?" गाबूचा आवाज खाली आला. "सडक असती तर बापूस वाचला असता."

अंगणातलं जेवण थांबलं.

"ते तू मला नको सांगू," रेजिना म्हणाली. "मी फलाटावर होते."

"होतीस ना? आणि आम्ही चिखलात होतो."

"गाबू," तुळशीकाका म्हणाले, "महिन्याचं जेवण हाय. नीट बोल."

"नीटच बोलतोय काका. पाच वर्सं ही भाडं खाते. ओटा बापसाचा. आमचा पण काय हक्क हाय का न्हाय? एकतर सडकेला कबूल हो, न्हायतर भाड्यात वाटा दे. मी काय चुकीचं बोलतोय?"

"वाटणी झाली तेव्हा हसलास," रेजिना म्हणाली. "माझ्या हातातला दगड बघून पोट धरून हसलास."

"तेव्हा तो दगड होता!"

कोणीतरी हसलं. रेजिना हसली नाही. तिला वाटलं आता बर्नडेट मध्ये पडेल, नवऱ्याला आवरेल, सगळ्यांत चांगली ठरेल. तसं झालं नाही. बर्नडेटने कालवणाचं भांडं खाली ठेवलं आणि ती पहिल्यांदाच रेजिनासमोर जमिनीवर बसली.

"मला भाडं नको," ती म्हणाली. "मला सडक पण नको. मला येवढंच सांग, मी पाटी कुठं उतरवू?"

'बसा' गेलं होतं.

"म्हंजे?"

"बापसाने ओटा कशासाठी बांधला? पाट्यांसाठी. मी एक दिवसाआड तुझ्या दारावरून जाते. डोक्यावर ओली पाटी, मान मोडलेली. तू आत खाटेवर बसलेली दिसतेस, हातात कपबशी. कधी म्हणालीस, ये गो, टेक जरा? गेल्या पावसात मी विचारलं तुझ्या त्या टिकीटवाल्या बाबूच्या बायकोला, कोपऱ्यात ठेवू का? म्हणते, वास येतो. तू आतनं ऐकत होतीस. ऐकत होतीस का न्हाय?"

रेजिनाने ऐकलं होतं. ती त्या वेळी उठून बाहेर आली नव्हती. बाहेर पाटी घेऊन उभी असलेली बाई बापसाच्या घरातून आली होती, रात्री बापसाला पेज देऊन आली होती, आणि आपल्याकडे येऊन वर आपल्याच ओट्यावर टेकणार होती, हे तिला सहन झालं नव्हतं.

"मला वाटायचं," बर्नडेट म्हणाली, "हिचं काय नशीब. पाय धुतलेले. लुगड्याला खवला चिकटलेला न्हाय. मेल्या जिवाला येवढंच वाटायचं, एकदा हिच्या जागेवर बसून बघावं."

रेजिनाने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हेवा ती एकटीच करते आहे. समोरची बाई भरल्या घरात, किल्ल्या कमरेला लावून, तिच्या कपबशीकडे बघत होती, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला दया यायला हवी होती. आला तो मोह.

"काका," ती म्हणाली, "वाट्यावर कोणी कुरकुर केली तर किनाऱ्यावर काय करतात?"

तुळशीकाका खुर्चीत सावरून बसले. "कशाला ते?"

"सांगा ना."

"ज्याचा वाटा मोठा दिसतो तो म्हणतो, 'बदल'. कुरकुर करणाऱ्याने त्याचा वाटा उचलायचा, आपला त्याला द्यायचा. न उचलला तर जन्मभर तोंड बंद. उचलला तरी तोंड बंद. दोघांचं पण." त्यांनी रेजिनाकडे निरखून पाहिलं. "पण पोरी, ते मासळीचं. मासळी संध्याकाळी संपून जाते."

"बापसाने वाटे मासळीसारखे घातले. पाठ तुम्हीच केलीत." रेजिना उभी राहिली. "गाबू, बदल."

कार्मिनने तिचा पदर ओढला. "येडी झालीस? बाय, खाली बस. ह्याचं चौकाचं घर तुला... अगो, सडक आली तर हे घर सोनं होईल, हा देईल का तुला?" मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच उमजलं आणि ती गाबूकडे बघू लागली. सकाळपासून भावाची असलेली कार्मिन आता नेमकी कोणाची, हे तिलाही कळेनासं झालं.

गाबू घाम पुसत होता. त्याच्या तोंडावर हिशेब दिसत होता. सडक अजून कागदावर होती, ओट्याच्या खोल्या भरलेल्या होत्या. सडक या साली येईल, पुढल्या साली येईल, कदाचित येणारही नाही. भाडं मात्र दर महिन्याला यायचं.

"होडीचं काय?" तो स्वतःशीच म्हणाला. "होडी बायला भागीत देता येईल, अर्धी मासळी तिची... बर्नडेट?"

 बर्नडेटने कमरेचा जुडगा सोडला आणि हातात धरला. तेवढं पुरे झालं.

तुळशीकाकांनी खुर्ची फिरवली, घराकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून ते बसले. त्यांना हे नको होतं, पण न करून चालणार नव्हतं. "ह्यो कोणाचा?" रेजिनाने विचारलं आणि जुडग्यावर बोट ठेवलं. "रेजिनाचा," काका म्हणाले. त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "आता कोणी काय बोलायचं न्हाय."

रेजिनाने सगळ्यांत आधी बापसाची खोली उघडली. आत खरंच काही नव्हतं. मोडकी खाट, भिंतीवर खिळा, खिडकीतून दिसणारा समुद्र. ती बराच वेळ उभी राहिली. बर्नडेट खोटं बोलली नव्हती.

थंडी सरली आणि बोंबील वाळले, तोवर रेजिनाला घराची सवय झाली. चटणी तिने तीनदा करून पाहिली, तिन्ही वेळा चिंच चुकली. विचारायचं कोणाला? घर मोठं होतं, रात्री वारा सोप्यातून सरळ फिरायचा, आणि गाडीची शिटी नसल्यामुळे तिला झोप लागायची नाही. होडीच्या भागीतली मासळी यायची ती विकायला तिला स्वतःलाच जावं लागे. या वयात डोक्यावर पाटी घेऊन ती बायकांच्या मागे मागे चालू लागली. मुर्ध्याच्या बांधावर आलं की बाकीच्या दमल्या असं म्हणून थांबायच्या. त्या तिच्यासाठी थांबतात हे तिला माहीत होतं.

तिथेच कार्मिनने तिला सांगितलं. मोजणीवाले पुन्हा आले होते. खाचराच्या बांधावर त्यांच्या लाल फडक्याच्या काठ्या उभ्या होत्या, राईपर्यंत ओळीने. पण स्टेशनाकडून काठ्या नव्हत्या.

"गाबू कबूल होत न्हाय," कार्मिन म्हणाली. "मी गेले होते विचारायला. म्हणतो, घाई काय हाय? सरकारी भाव कोण घेतो?" तिने रेजिनाच्या पाटीची कड सावरली. "तू बोल ना त्याला, बाय. त्याला म्हणावं, बापूस..."

"मला बोलता येत न्हाय," रेजिना म्हणाली. "वाटा बदलला आम्ही."

त्या दिवशी पाटी जड होती. बायका पुढे फलाटाकडे गेल्या, रेजिनाची मान मात्र ओट्यापाशीच भरून आली. खोल्यांच्या दारांना नवा रंग होता, बाहेर कोणाचे तरी पापड वाळत होते. आत खाटेवर बर्नडेट बसली होती. पाय धुतलेले, हातात कपबशी. तिने वर पाहिलं.

भरलेली पाटी एकटीला उतरवता येत नाही. समोरून दुसरीने हात लावावा लागतो. रेजिना दारासमोर पाटी घेऊन उभी राहिली. आतून गाबूचा खोकला ऐकू आला. शेजारच्या दारातून टिकीटवाल्याच्या बायकोने डोकं बाहेर काढलं आणि नाकाला पदर लावला.

बर्नडेटने कपबशी खाली ठेवली. ती उठली, पायरी उतरून बाहेर आली आणि सवयीने दोन्ही हात वर केले. पाटीची कड तिच्या पंजांत बसली तशी रेजिनाच्या मानेवरचा भार अर्धा झाला. दोघींनी मिळून पाटी खाली घेतली, छातीपर्यंत आणली. मासळीचं पाणी बर्नडेटच्या स्वच्छ लुगड्यावर ओघळलं. तिने खाली पाहिलं नाही.

"कुठं ठेवू, बाय?" तिने विचारलं.

रेजिनाने पापडांकडे पाहिलं, रंगवलेल्या दारांकडे पाहिलं. बापसाचा दगडी चौथरा आता भिंतींच्या आत होता.

"तू सांग," ती म्हणाली. "घर तुझं हाय."

गाडीची घंटा झाली. पाटी मध्ये धरून दोघी तशाच उभ्या राहिल्या.